उखळातली मूठ

वाटणीला बसलं की शहाण्या माणसांची अक्कल नेमकी कुठं जाऊन बसते, याचा शोध अजून कुठल्या शास्त्रज्ञाने लावलेला नाही. आमच्या पिंगळवाडीत नेरूरकरांच्या दोन भावांनी वेगळ्या चुली मांडल्या, तेव्हा माड, भांडी, विहिरीचं पाणी, म्हशीचं शेण, सगळं गुण्यागोविंदाने वाटलं गेलं. शेवटी राहिला पाटा-वरवंटा. तो दोन्ही सुनांना हवा होता. पंचांनी डोकी खाजवली, पान खाल्लं, आणि पाटा थोरलीला, वरवंटा धाकटीला देऊन टाकला.

गंमत म्हणजे दोघींनी तो निवाडा मान्य केला. दुसरीलाही वाटता येणार नाही, एवढं समाधान दोघींना पुरलं. थोरली हेमावहिनी पाट्यावर कपडे आपटू लागली. धाकटी वैजयंती, जिला अख्खी वाडी माई म्हणते, तिने वरवंट्याला पुढच्या दाराची टेकण केली. बाहेर कितीही वारा असो, नेरूरकरांचं दार आपटलं असं कुणी ऐकलं नाही. आणि त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलल्या असंही कुणी ऐकलं नाही.

माझा संबंध एवढाच, की वाडीत मसाला कुटायचा डंक माझा. चार लोखंडी मुसळं वर-खाली आपटतात, खाली उखळं असतात, आणि आवाज असा की कुडाळ स्टेशनात उतरलेल्या पाहुण्याला पत्ता विचारावा लागत नाही. आता छपरावर सूर्याच्या तबकड्या आल्या, मासे उडत्या टोपल्यांतून घरपोच येतात, आणि त्या टोपल्या नेमक्या कुठल्या वळणावर मंद होतात हे कावळ्यांनी पाठ केलंय. सगळं बदललं. पण उन्हाळा तापला, मिरच्या खडखडीत वाळल्या, की भाजलेल्या मसाल्याचे डबे घेऊन बायका माझ्याच दारात ओळ लावतात.

त्या ओळीचं एक शास्त्र आहे. उखळ कितीही झाडा, तळाशी आधीच्या बाईच्या मसाल्याची मूठभर पूड राहतेच. ती पुढच्या बाईच्या मसाल्यात जाते. म्हणून कुणाच्या मागे उभं राहायचं नाही, हे प्रत्येकीचं ठरलेलं असतं. एकीचा मसाला करपट, दुसरी धन्यात मीठ घालते, तिसरीचं तर नावही काढायचं नाही. नंबरावरून माझ्या दारात जेवढे रुसवेफुगवे झाले तेवढे लग्नमांडवात झाले नसतील. मी सगळं बघतो, आणि गप्प बसतो. डंकवाल्याने तोंड उघडलं तर त्याच्या उखळात कोण मसाला घालील?

तर अशा या वाडीत नेरूरकरांची सून म्हणून सावनी आली. माहेर लातूरकडचं, शिक्षण आवाजाच्या शास्त्रातलं, पुण्यातली नोकरी सोडलेली. माईचा मुलगा हृषी याने तिला काय बघून पटवलं हे मला ठाऊक नाही. तिने त्याला पटवलं असेल तर कारण उघड आहे, माईच्या हातची कोंबडी.

माईचा मसाला म्हणजे काय ते तिथं जेवल्याशिवाय कळायचं नाही. एकदा तिच्या रश्श्याच्या वासाने एस्.टी.चा ड्रायव्हर गाडी उभी करून जेवायला आला, आणि त्याच्यामागून सगळी गाडी. त्या मसाल्यात काय काय पडतं हे माईने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. सावनीने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात विचारलं. माई म्हणाली, "सांगान मगे."

ते 'मगे' तीन उन्हाळे झाले तरी उजाडलं नव्हतं.

सावनी पहिल्यांदा माझ्या डंकावर आली ती मसाला घेऊन नव्हे, कानाला कसलंसं यंत्र लावून. दिवसभर ती नुसती ऐकत बसली. मी म्हटलं, ही पोर बहिरी होऊन घरी गेली तर माई माझाच मसाला करील.

"दाजीकाका," ती म्हणाली, "डंक सुरू झाला की तुमच्या फळीवरची ती पितळी ताटली थरथरते आणि शेजारचा तांब्या ढिम्म असतो. बघितलंत?"

"तांब्या वयस्कर आहे."

ती हसली. मग तिने सांगितलं ते मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. प्रत्येक वस्तूचा एक सूर असतो. तो सूर बाहेरून ऐकवला की ती वस्तू थरथरू लागते. आणि दोन वस्तू एकमेकींना चिकटलेल्या असल्या, तर मधल्या सांध्याचाही वेगळा सूर असतो. सांधा बहुतेक वेळा त्या दोघींपेक्षा कच्चा. त्याचा सूर नेमका सापडला, आणि आपल्या कानांना ऐकूच येणार नाही इतक्या बारीक आवाजात तो लावून धरला, तर सांधा थरथरून सुटतो; वस्तूंना ओरखडासुद्धा उठत नाही. पातं नाही, धार नाही, आणि तरी कापलं जातं.

हा झाला अर्धा भाग. दुसरा अर्धा म्हणजे सुटलेले कण वेगळे करायचे. त्यासाठी तिने माईच्या स्वयंपाकघराच्या दाराशी माणसापेक्षा उंच काचेची नळी उभी केली. वरून आणि खालून आवाज सोडला की नळीतल्या हवेत लाटा जागच्या जागी उभ्या राहतात, कपाटात फळ्या असाव्यात तशा. कुठला कण कुठल्या फळीवर टिकेल हे त्याच्या जडपणावर आणि कडकपणावर ठरतं. त्यात कणांना घासून थोडी वीज चढवली, की वजनाने सारखे वाटणारे कणही एकमेकांना ओळखेनासे होतात. मिरी मिरीच्या फळीवर, धने धन्यांच्या. हवेत तरंगणारे रंगीत थर बघत बसावं, दुसरं काम सुचत नाही.

धान्य पाखडायच्या सुपावरून तिने यंत्राचं नाव ठेवलं 'सूप'. वाडीने त्याला सावनीचं सूप केलं.

पहिले काही महिने मजेत गेले. वेफर्सची पाकिटं घातली की प्लॅस्टिक एका बाजूला आणि आतलं चंदेरी साल दुसऱ्या बाजूला. ती सालं सुटी असली की कारखानेवाले हौसेने घेतात, एकत्र असली की कुत्रं विचारत नाही. बचत गटाच्या बायकांनी शेड उभारून गावोगावचा कचरा मागवायला सुरुवात केली. पूर्वी आम्ही कचरा शेजारच्या वाडीच्या हद्दीत टाकायचो. आता शेजारची वाडी राखण करायला लागली. किराणावाल्या बाळग्याच्या हळदीतून पिवळी माती वेगळी निघाली तेव्हा त्याने मामाचं श्राद्ध म्हणून दुकान बंद ठेवलं. मामा स्वतः त्या दिवशी माझ्याकडे तंबाखू मागत होता. मी माझा चहा ओतून बघितला, तो तसाच बाहेर आला, फक्त गार. सावनी म्हणाली, विरघळलेलं सुटत नाही, सुटायला मध्ये सांधा लागतो.

पण ज्या संध्याकाळी सुपाने तेलात कुटलेलं तीळ-खोबरं वेगळं करून दाखवलं, त्या संध्याकाळी माईने मसाल्याची बरणी उचलली आणि कपाटात ठेवून कुलूप घातलं. किल्ली कमरेला खोचली एवढंच.

सावनीने बघितलं. मी तिथं खोबरं चाखायला हजर होतो.

"माई," ती म्हणाली, "कुलपाची गरज नाही. तुमच्या मसाल्याला मी हे यंत्र कधी लावणार नाही. तुम्ही सांगाल तेव्हा ऐकेन."

"आणि मी सांगूकच नाय तर?"

"तर जेवत राहीन."

माईने कमरेची किल्ली काढली. मग म्हणाली, "शपथ घेव नको. शपथा जड जातत." आणि तिने कुलूप काढलं. त्यानंतर ती बरणी ओट्यावरच राहिली, सुपापासून हातभर अंतरावर.

सावनीने पेटंटचा अर्ज केला तेव्हा माईला त्यातलं काहीच पटलं नाही. "म्हणजे यंत्र कसा केलंस ता सगळा लिवन द्यायचा, आणि वर सरकारचो शिक्को घेवचो? मग रवला काय?"

"वीस वर्षं ते दुसऱ्या कुणाला करता येत नाही, माई."

"माझ्याकडे शिक्को नाय. तरी इतक्या वर्सात कोणाक जमला?"

याला पुण्यातल्या विद्यापीठातही उत्तर नसावं. सावनीने अर्जाची पानं जुळवायला घेतली.

अर्जाला हरकत आली ती एका बड्या मसाला कंपनीची. तिचं नाव मी घेत नाही, माझ्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत. कंपनीचं म्हणणं असं की कोरडे दाणे निवडण्याच्या यंत्राचं पेटंट आमच्याकडे आधीपासून आहे. तेलात कुटून एकजीव झालेला मसाला हे यंत्र वेगळा करतं, ही नुसती बढाई. बढाई वजा केली तर उरते ती आमचीच चाळणी, तेव्हा ही बाई आमच्या परवानगीवाचून ती बनवू शकत नाही. आणि परवानगी मिळणार नव्हती हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. ज्यांची पाकिटं उघडून बघावी लागतील त्यांना असलं यंत्र बाजारात कशाला हवं? निकाल विरुद्ध गेला असता तर सूप गोणपाटाखाली गेलं असतं, बचत गटाची शेड रिकामी पडली असती, आणि सावनीला पुण्याची नोकरी पुन्हा शोधावी लागली असती. हृषी हे बोलून दाखवायचा नाही, पण त्याने पुण्यातल्या भाड्याच्या जागा बघायला सुरुवात केली होती.

हल्ली पेटंटच्या सुनावण्या गावोगावी होतात. अवजड यंत्र मुंबईला न्यायचं कसं, म्हणून न्यायपीठच बसमधून फिरतं. आमच्याकडे येणाऱ्या बसला ड्रायव्हर नव्हता. अशी बस फार सभ्य असते. पिंगळवाडीच्या वळणावर परबांच्या म्हशी रस्त्यात बसल्या होत्या, बस त्यांच्यासमोर थांबली, आणि त्या रवंथ संपवून उठेपर्यंत हॉर्नसुद्धा न वाजवता उभी राहिली. अधिकारी श्रीमती कुंजीर शेवटी खाली उतरून चालत आल्या, चपला हातात घेऊन. त्यांच्यामागून कंपनीचे वकील बोधनकर, काळ्या कोटात, घामाघूम.

सूप आणून उभं केलेल्या शाळेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. माई पुढच्या बाकावर, हेमावहिनी त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला. मधे सहा माणसं बसवून दोघींनी अंतर राखलं होतं. मी खिडकीत.

सावनीने आधी पाकीट सोडवून दाखवलं, मग तीळ-खोबरं. बोधनकर उठले.

"मॅडम, यात काय घातलंय हे अर्जदारांना आधीपासून माहीत आहे. उत्तर माहीत असताना गणित कुणीही सोडवेल. खरी परीक्षा घ्यायची तर असा मसाला हवा, जो भाजून, तेलात कुटून एकजीव झालाय आणि ज्यात काय आहे हे अर्जदारांना अजिबात माहीत नाही."

"मान्य," कुंजीरबाई म्हणाल्या. "पण खरं उत्तर सांगणारं माणूसही इथं हजर हवं."

"आहे ना." बोधनकरांनी पिशवीतून एक छोटी बरणी काढली. "कुडाळच्या प्रदर्शनात विकत घेतलाय. अर्जदारांच्या सासूबाईंचा. त्यांनी तो सुनेलासुद्धा सांगितलेला नाही, हे तुमच्या चहाच्या टपरीवर मला तीन जणांनी सांगितलं."

माणूस हुशार होता. सावनीचं वचनही त्याला टपरीवरच कळलं असणार. आमच्या वाडीत चहापेक्षा बातम्या जास्त उकळतात.

सावनीने बरणीला हात लावला नाही. "मॅडम, दुसरा कुठलाही मसाला द्या. इथं प्रत्येक घरात वेगळा आहे."

"तुमचं यंत्र करू शकत नाही का?"

"करू शकतं. मी करणार नाही. निकालात सगळे घटक लिहिले जातील, आणि निकाल कुणालाही वाचता येतो. तो मसाला माझा नाही."

"तर मग," बोधनकर हळूच म्हणाले, "अर्जदार परीक्षेला नकार देताहेत, असं लिहून घ्यावं."

कुंजीरबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्यापुढे नियम होता. "सावनीताई, नकार दिलात तर मला हरकत मान्य करावी लागेल. विचार करून सांगा."

"केलाय," सावनी म्हणाली. हृषी मागे भिंतीला टेकून उभा होता, त्याने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात माई उठली.

"लाव गो तुझा यंत्र."

"माई, नको."

"लाव म्हणतंय ना. मी काय मरणानंतर बरणी वांगडा घेवन जातलंय?" मग ती कुंजीरबाईंकडे वळली. "बायनू, कान हय करा."

आणि तिने कुंजीरबाईंच्या कानात सगळा मसाला सांगितला. सभागृहातली प्रत्येक बाई पुढे झुकली होती. पुढचा बाक मागच्यांच्या वजनाने वाकला. मी मात्र माईचा चेहरा बघत होतो. परत येऊन बसली तेव्हा तिने पदराने कपाळ टिपलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे चोरून एक नजर टाकली. त्या नजरेचा अर्थ सभागृहात फक्त मला कळला. मी खिडकीची कड घट्ट धरली.

सावनीने चमचाभर मसाला नळीत सोडला. सूप घुमू लागलं, म्हणजे घुमत असावं, ऐकू काहीच येत नव्हतं. गुरवांचं कुत्रं तेवढं उठून बाहेर गेलं. आधी नळीत लाल धुकं फिरलं. मग धुक्यातून रेघा दिसू लागल्या. मिरचीची जाड लाल फळी, तिच्याखाली दुसऱ्या मिरचीची जरा काळसर. धने, बडीशेप, मिरी, लवंग. दगडफूल राखाडी, जायपत्री केशरी. प्रत्येक फळी जमली की बायका वासावरून नाव पुकारायच्या आणि कुंजीरबाई मान हलवायच्या. बोधनकरांचा कोट खांद्यावरून उतरत चालला होता.

शेवटची फळी हळदीची. कुंजीरबाईंनी हसून पेन उचललं.

आणि हळदीच्या खाली आणखी एक रेघ उमटली. बारीक, काळपट हिरवी, केसाएवढी.

"हे काय आहे?" कुंजीरबाईंनी विचारलं.

सावनीने काचेच्या चिमट्याने थोडं काढलं, जिभेला लावलं आणि डोळे बारीक केले. "आंबट आहे. चिंच नाही, कोकम नाही. मला ओळखता येत नाही."

"वैजयंतीबाई, यातलं तुम्ही मला काही सांगितलं नव्हतं. तुमच्या मसाल्यात आंबट काही पडतं?"

माई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"पडत नाही, असंच म्हणायचंय ना?" बोधनकरांनी कोट पुन्हा खांद्यावर ओढला. "मॅडम, मसाल्यात जे घातलंच नाही ते यंत्र काढून दाखवतंय. घरात मसाला करणाऱ्या बाईपेक्षा यंत्राला जास्त कळतं की काय? हे चुकलेलं गणित आहे. मला आणखी काही बोलायचं नाही."

चिमटा हातोहात फिरत खिडकीपर्यंत आला. वासच पुरे होता. वाळवलेलं बिंबल. तोंडल्याएवढं हिरवं आंबट फळ, खोडालाच घोसांनी लगडतं. आणि पिंगळवाडीत बिंबलाचं झाड एकच, हेमावहिनीच्या स्वयंपाकघरामागे. हळूहळू सगळ्या माना बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे वळल्या.

माई उभी राहिली.

"यंत्र चुकूक नाय," ती म्हणाली. "बिंबल माझा नाय, पण मसाल्यात आसा. डंकाच्या उखळात आदल्या बायलेची मूठभर पूड रवता. मी दर वर्सा एकाच बायलेच्या मागून नंबर लावतंय. तिच्या पुडीशिवाय माझो मसालो नुसतो तिखट. एकदा दुसऱ्या बायलेच्या मागून कुटलंय, तर ह्याच्या वडलांनी ताटच सारल्यानी." तिने हृषीकडे बोट केलं. मग सावनीकडे बघितलं. "म्हणान तुका सांगूक नाय, गो. काय सांगतलंय? अर्धो मसालो माकाच ठाऊक नाय. चोरीचो माल सुनेक कसो शिकवू?"

"चोरीचो?" बाकाच्या दुसऱ्या टोकावरून आवाज आला. हेमावहिनी बसूनच होती, पण आवाज शाळेच्या घंटेसारखा. इतक्या वर्षांनी ती माईशी थेट बोलत होती. "चोरीचो कसो? ता माझा आसा, आणि मी ठेवलेला आसा. विचार त्या दाजीक. 'तळ खरवडू नको' म्हणान दर वर्सा कोण सांगता तेका?"

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. मी टोपी सारखी केली आणि मान हलवली. हेमावहिनी दर वर्षी येताना आपली वेळ माझ्याकडून माईच्या कानावर जाईल याचीही तजवीज करायची, तेवढं मात्र मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

"म्हणजे तुका म्हायत होता?" माई म्हणाली.

"म्हायत नसता तर मूठभर मागे कित्याक ठेवतंय मी? माका काय मसालो जड झालो?" आता हेमावहिनी उठली. "बिंबल घालूक सासवेन माका शिकवल्यान. तुका शिकवच्या आदी घर फुटला. माड वाटले, भांडी वाटली. मसालो वाटणीत कोणी धरूकच नाय. तो घराचो. तुझो वाटो तुका नको होतो?"

"तोंडान सांगूचा होता."

"तू बोलतलंस तर सांगतलंय ना. वरवंटो दाराक लावन बसलंस."

"आणि तू पाट्यावर लुगडी आपटतंस ती?"

"बायांनो," कुंजीरबाई म्हणाल्या, "मला हे लिहून घ्यायचंय, जरा सावकाश."

मग त्यांनी शांतपणे सगळं लिहून घेतलं. उखळ, मूठ, बिंबल, कोण कुणाच्या मागे. लिहून झाल्यावर बोधनकरांना म्हणाल्या, "अख्ख्या डब्यात मूठभर, आणि त्यातलं चिमूटभर बिंबल. त्यातलं या चमच्यात किती आलं असेल? अर्जदारांनी केलेल्या दाव्यापेक्षा यंत्र बारीक निघालं. तुमच्या चाळणीला हे जमतं का?"

बोधनकरांनी कागद गोळा करायला घेतले. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आता सायबांच्या कंपनीचा पाकीट लावा मा त्याच्यात." साहेबांना परतीची रेल्वेगाडी आठवली. ते घाईने बाहेर पडून बसमध्ये चढले, पण म्हशी पुन्हा रस्त्यावर येऊन बसल्या होत्या. ते दिवेलागणीपर्यंत बसमध्ये बसून होते. माईने त्यांना ताट पाठवलं. ते त्यांनी चाटून पुसून परत केलं, हे मला ताट आणणाऱ्यानेच सांगितलं.

पेटंट मिळालं. बचत गटाच्या शेडमध्ये आता सुपं बनतात आणि बाळग्याच्या दुकानात हळद इतकी शुद्ध मिळते की त्याला स्वतःलाच तिची सवय होत नाही. निकाल सगळ्यांना वाचायला खुला आहे, त्यामुळे माईच्या मसाल्याचे घटक पार नागपूरपर्यंत गेले. लोकांनी करून बघितला. बिंबल मागवलं, वजनं केली, यंत्रावर ताडून घेतलं. पत्रं येतात की जमत नाही, काहीतरी राहतंय. सावनी सगळ्यांना एकच उत्तर धाडते, की यंत्र वेगळं करण्याचं आहे, एकत्र करण्याचं नाही. त्या कामासाठी पिंगळवाडीला या, डंकावर, आणि ओळीत उभे राहा.

लोक येतात, खोटं कशाला सांगू. या उन्हाळ्यात माझ्या दारातली ओळ कर्ली नदीपर्यंत गेली होती, शेवटचा माणूस तर होडीत उभा होता.

पण काम थांबलं ते त्या दोघींमुळे. माई आणि हेमावहिनी बरोबर आल्या, मागे डबे घेऊन सावनी.

"तू आदी घाल," माई म्हणाली.

"मी कित्याक? तू घाल. दर वर्सा माझीच मूठ तुझ्यात. यंदा तुझी माझ्यात येवंदे."

"मी धाकटी. मी मागून."

"धाकटी असशीत तर ऐक, आदी हो."

"दाजी, तूच सांग."

मी कशाला सांगतोय? मी तंबाखू मळत बसलो. मुसळं वर अडकलेली, उखळ रिकामं, मागे ओळीतले लोक उन्हात घामाने निथळताहेत. सावनी म्हणाली, "दोन्ही डबे एकदमच ओतू या ना," तर दोघी एका सुरात "नाय" म्हणाल्या. वाटणी झाल्यापासून त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. शेवटी सावनीने तोड काढली. एक वर्ष हिची मूठ तिच्यात, पुढच्या वर्षी तिची हिच्यात. सुरुवात कुणी करायची याचा वाद अजून चालू आहे. तोवर मी दोन्ही डबे कुटून दिलेत, आधी कुणाचा ते विचारू नका, आणि मसाला संपतही आलाय.

माईच्या पुढच्या दाराला मात्र हल्ली टेकण नाही. खाडीवरून वारा सुटला की दार धाडधाड आपटतं, इतकं की दुपारची झोप मोडते. मी परवा तक्रार करायला गेलो. घरात कुणी नव्हतं. मागच्या बाजूने खोबऱ्याच्या वाटपाचा वास येत होता. हेमावहिनीच्या पडवीत पाटा धुऊन मांडला होता, त्यावर सावनी वरवंटा ओढत होती, लातूरकडच्या जोराने, आणि दोन्ही बाजूंनी दोन म्हाताऱ्या तिला दोन वेगवेगळ्या सूचना देत होत्या.

मी तक्रार न करता परत आलो. दार काय, आपटू दे.